आर्लिस ब्रेकेचं सोमवारचं धुणं

टोरविक गावात सोमवार उजाडला हे कळायला कॅलेंडर लागत नसे. आर्लिस ब्रेकेच्या परसातल्या दोरीवर चादरी लागल्या की सोमवार. साडेसहाला पहिली चादर, सव्वासातला शेवटचा मोजा. रस्त्यापलीकडच्या वेर्ला मोएनने एकदाच, अख्ख्या जन्मात एकदाच, तिच्याआधी दोरी भरली होती. तेव्हा आर्लिस बाळंत होऊन चारच दिवस झाले होते, त्यामुळे तो विजय धरायचा नाही असं वेर्ला स्वतःच म्हणायची.

तळघरात मशीन होतं, वर कपडे पिळायचे दोन रोलर असलेलं. उकळतं पाणी, हात पोळतील इतकं ब्लीच, आणि शेवटच्या पाण्यात चिमूटभर नीळ. पांढऱ्या चादरी रस्त्याच्या बाजूच्या दोरीवर, नवऱ्याचे, लोवेलचे, शर्ट मागच्या दोरीवर उलटे टांगलेले, आणि आतले कपडे मधल्या दोरीवर, दोन्हीकडून आडोसा असलेले, म्हणजे चर्चच्या पास्टरची गाडी जवळून गेली तरी कुणाला मान खाली घालायला नको. रस्त्याने जाणारे लोक आपली दोरी वाचतात, असं तिच्या आईने तिला लहानपणीच बजावून ठेवलं होतं. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या हिवाळ्यात कपडे दोरीवरच गोठायचे आणि लोवेलच्या लोकरी चड्ड्या दारातून आत आणताना आडव्या कराव्या लागायच्या. तरी आर्लिसने कधी घरात धुणं वाळत घातलं नाही.

अशा या बाईच्या घरी चौऱ्याहत्तर सालच्या ऑक्टोबरात कोरियाहून एक बाळ आलं, आणि तिच्या धुण्यामुळे ते बाळ जवळजवळ हातचं गेलं होतं. पुढे म्हातारपणी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना आर्लिस ही गोष्ट सांगायची तेव्हा नेमकं असंच सांगायची, कुठलाही शब्द मऊ न करता.

बाळ आणायचं कसं ठरलं हे फार लांबवण्यासारखं नाही. थोरली मुलगी रेने नऊ वर्षांची होती, मुलगा कर्टिस सहा. त्यानंतरचा एक मुलगा एकाहत्तरच्या मार्चमध्ये जन्मला आणि दोन दिवसांत गेला, आणि डॉक्टरने आर्लिसला पुन्हा विचारही करू नकोस म्हणून सांगितलं. त्याच्यासाठी शिवलेली दुपटी तिने दर वसंतात काढून धुतली, वाळवली, घडी करून ठेवली. त्र्याहत्तरच्या वसंतात लोवेल ती दोरी बघत मागच्या पायरीवर उभा राहिला. लोवेल शेताशेतांवरून दूध गोळा करणारी टँकरगाडी चालवायचा आणि शब्द अगदी जपून वापरायचा. तो म्हणाला, "कुणाला तरी ती वापरू दे आता." एवढंच बोलला. त्यानंतर दीड वर्ष अर्ज, फोटो, घर बघायला येणारी दत्तक देणाऱ्या संस्थेची बाई, आणि तिच्यासाठी दर वेळी भाजलेला केक.

शनिवारी दुपारी मिनिआपोलिसच्या विमानतळावर एका थकलेल्या सोबतीणबाईने आर्लिसच्या हातात मुलगी दिली. अकरा महिन्यांची. मनगटाला नावाचा पट्टा, मी-रान. ब्रेके कुटुंबाने आधीच ठरवलेलं नाव मारित. बरोबर एक पिशवी. तिच्यात दोन झबली, एक बाटली, पाठीशी बाळ बांधायचं लांब पट्ट्यांचं जाड दुपटं, आणि कोरियन अक्षरांत लिहिलेलं एक पत्र. पत्र तिला आतापर्यंत सांभाळणाऱ्या बाईचं आहे एवढंच सोबतीणबाईला ठाऊक होतं. आणि मुलीच्या मुठीत एका मोठ्या माणसाची बंडी होती. कापूस भरलेली, जांभळट रंगाची, कॉलर घासून काळी पडलेली.

घरी पोचायला तीन तास लागले. मुलगी रडली नाही. बंडी नाकाशी धरून तिने पूर्ण रस्ता लोवेलच्या मानेकडे बघत काढला, आणि आर्लिसला वाटलं, किती गुणी पोर आहे!

घरी दोघं भावंडं वेर्लाच्या देखरेखीखाली सकाळपासून खिडकीला नाक लावून बसली होती. रेनेने हात दोनदा धुतले होते आणि वेण्यांना नव्या रिबिनी लावल्या होत्या. कर्टिसने आपल्या मोटारींतली एक, चाक निखळलेली, बहिणीला द्यायची म्हणून वेगळी काढून ठेवली होती. गाडी दारात आली तशी दोघं पायऱ्यांवर धावली आणि आर्लिसने पांघरूण बाजूला केलं.

कर्टिसने बराच वेळ बघितलं. "हीच का ती?"

"हीच. मारित."

"ही तर चालत पण नाही."

"अरे, अकरा महिन्यांची आहे."

"मग एवढ्या लांबून आली कशी?"

"विमानातून आली रे, माठ्या," रेने म्हणाली. ती पायऱ्यांवरच गुडघ्यांवर बसली आणि तिने आपलं एक बोट पुढे केलं. मुलीने बोटाकडे बघितलं, रेनेकडे बघितलं, आणि तोंड बंडीत लपवलं. रेनेचं बोट तसंच हवेत राहिलं. "तिला मी आवडले नाही," ती वेर्लाला हळूच म्हणाली. वेर्ला म्हणाली, "माझा नवरा लग्नाआधी वर्षभर माझ्याकडे असाच बघायचा, तू काळजी करू नकोस."

आर्लिसने पहिलं काम केलं ते तिच्या दृष्टीने सर्वांत मायेचं. दोन दिवस विमानांत काढलेलं बाळ. त्याला न्हाऊ घालायचं, स्वच्छ करायचं, नवे कपडे घालायचे. तिने टबात कोमट पाणी काढलं. बंडी काही मुठीतून सुटेना. एकेक बोट उलगडून काढावं लागलं, आणि पाचवं बोट सुटलं तशी मुलगी जी ओरडली, ती पुढचे पाच दिवस थांबली नाही म्हटलं तरी चालेल.

त्या बंडीला वास येत होता. लसणाचा, धुराचा, आंबलेल्या दुधाचा आणि कुठल्या तरी तेलाचा. आर्लिसने ती दोन बोटांत धरून तळघराच्या जिन्यावरच्या टोपलीत टाकली. "लोवेल, ही काही धुऊन निघायची नाही. उद्या कचऱ्याच्या पिंपात जाळून टाक."

"हं," लोवेल म्हणाला.

सोमवारी साडेसहाला दोरीवर पहिली चादर लागली. त्यानंतर लागली ती मुलीची झबली, टोपडं, आणि ते लांब पट्ट्यांचं दुपटं, ब्लीचमध्ये दोनदा उकळून, निळीतून काढून, पूर्वी ज्या रंगाचं होतं तो रंग कुणाला आठवू नये इतकं पांढरं. वेर्ला रस्ता ओलांडून बघायला आली. "बाई गं, हे तर नवंच झालं!" आर्लिसला बरं वाटलं. त्या आठवड्यात तिला बरं वाटलेली तेवढीच एक गोष्ट.

कारण मुलगी दूध घेत नव्हती. बाटली तोंडाला लावली की मान फिरवायची. चमच्याने दोन घोट पाणी जायचं, तेही गालावरून अर्धं खाली. पाळणा आर्लिसने स्वतः रंगवला होता, त्यात ठेवलं की ओरडायची, कडेवर घेतलं की पाठ ताठ करून मागे पडायची. आर्लिसने सफरचंद शिजवून बघितलं, ओट्स बघितले, गाणी म्हणून बघितली. चर्चच्या बायकांनी हॉटडिशची भांडी आणून दिली, खिमा आणि बटाटा घालून भाजलेली, एकावर एक सात. मुलीने काही खाल्लं नाही, पण कर्टिसची चंगळ झाली. प्रत्येक बाईने मुलीला एकदा घेऊन बघितलं आणि प्रत्येकीने ती घाईघाईने परत दिली.

लोवेल रोज संध्याकाळी दूध पोचवून घरी यायचा आणि दारातच विचारायचा, "घेतलं?" आर्लिस नकारार्थी मान हलवायची. बुधवारी ते तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरने वजन केलं, काटा पुन्हा तपासला. "शुक्रवारपर्यंत बघू," तो म्हणाला. "तोवर नीट घ्यायला लागली नाही तर शहरात इस्पितळात न्यावी लागेल, नळीवाटे दूधपाणी देतील. तिला कुठे काही दुखत नाहीये, आर्लिस. ती फक्त खात नाहीये."

परत येताना आर्लिस गाडीत रडली. "माझ्याकडे बघतच नाही ती," ती लोवेलला म्हणाली. "मी तिला दोन हातांनी धरते आणि ती माझ्यावरून पलीकडे कुठेतरी बघते. माझं एक गेलं, लोवेल. हे दुसरं माझ्या हातून जाऊ देऊ नकोस." लोवेल गाडी चालवत राहिला. पण गुरुवारी पहाटे त्याने जे केलं ते त्याच्यासारख्या माणसाला फार जड होतं. बावीस शेतांवर दूध घेताना बावीस जणांना त्याने आपण होऊन तोंड उघडून सगळी हकीकत सांगितली. विसावा शेतकरी लिंडग्रेन निघाला. त्याच्या धाकट्या भावाने लष्करातून परत येताना बायको कोरियाची आणली होती, चाळीस मैलांवर राहायची. "ती पत्र वाचेल की तुमचं," तो म्हणाला.

मिसेस लिंडग्रेन त्याच दुपारी आल्या, स्वतःची पिकअप स्वतः चालवत, बाजूच्या सीटवर टॉवेलात गुंडाळलेलं पेजेचं भांडं. ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई, पायात नवऱ्याचे बूट. शाळा सुटून मुलं घरी आली होती. आर्लिसने कॉफी पुढे केली ती त्यांनी बाजूला सारली.

"आधी पत्र."

टेबलाभोवती सगळे बसले. आर्लिसच्या मांडीवर मुलगी, आता ओरडायचंही बळ न राहिलेली, नुसती कण्हत. मिसेस लिंडग्रेननी चष्मा लावला आणि हळूहळू एकेक वाक्य आपल्या इंग्रजीत सांगायला लागल्या.

"लिहितात, मी-रानला आंघोळ संध्याकाळी आवडते. भाताची पेज कोमट द्यायची, मीठ नको. झोपताना पाठीशी बांधून मी अंगणात फिरते." त्या थांबल्या. पुढचं त्यांनी मनात वाचलं, मग पुन्हा सुरुवातीपासून मोठ्याने. "माझी बंडी नाकाशी धरल्याशिवाय ती दूध घेत नाही, झोपत नाही. म्हणून बंडी बरोबर पाठवते आहे. तिचा वास जाऊ नये म्हणून तीन महिने धुतलेली नाही. माफ करा. मी एरवी स्वच्छ बाई आहे."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून परसातली दोरी दिसत होती, रिकामी, चिमटे तेवढे ओळीने लावलेले.

"बंडी कुठाय?" मिसेस लिंडग्रेननी विचारलं.

आर्लिस म्हणाली, "जाळली."

"जाळली?"

"मी जाळायला सांगितली. लोवेल, जाळलीस ना तू?"

लोवेलने टोपी हातात फिरवली. "रविवारी टोपलीत बघितली, नव्हती. मला वाटलं तूच धुवायला घेतलीस."

"मी नाही धुतली. मला वाटलं तू जाळलीस."

"आणि बाकीचं?" मिसेस लिंडग्रेन म्हणाल्या. "तिचे कपडे? दुपटं?"

"धुतलं."

"सगळं?"

"सगळं. दोनदा."

मिसेस लिंडग्रेननी चष्मा काढला. "मी लग्न होऊन आले ना, तेव्हा माझ्या सासूने माझी ट्रंक दारातच उघडून असंच सगळं धुतलं होतं. फार चांगली बाई होती. मला महिनाभर झोप लागली नव्हती."

याच वेळी कर्टिसने टेबलाखालून रेनेला लाथ मारली. रेनेने त्याला उलट मारली. "सांग ना!" तो म्हणाला. "नाहीतर मी सांगतो."

"काय सांगायचंय?" आर्लिसने विचारलं.

रेनेचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता. "मॉम, आधी म्हण की तू रागावणार नाहीस."

"रागावणारच आहे. बोल."

"मी घेतली ती. टोपलीतून. तू जाळ म्हणालीस ना, तर मला वाटलं, कुणाला नकोच आहे. मला सोमवारी वर्गात दाखवायला हवी होती. सगळे आपापल्या घरून काहीतरी आणतात आणि माझ्याकडे कधीच काही नसतं दाखवण्यासारखं. आणि मग मारित खाईना, तू रडायला लागलीस, मग मला सांगताच येईना." ती हुंदके देऊन रडायला लागली.

"मला माहीत होतं," कर्टिस म्हणाला. "मी कुणाला सांगू नये म्हणून चार दिवस तिने मला तिचा केक दिला."

"कुठाय ती?"

रेने मागच्या दारापाशी धावली. तिथे बाकाखाली सगळ्यांचे बर्फाचे बूट ठेवलेले असत, आणि बुटांत पावाच्या रिकाम्या पिशव्या. टोरविकमधलं प्रत्येक पोर हिवाळ्यात मोज्यांवरून पावाची पिशवी चढवूनच बूट घालायचं, पाय कोरडे राहावेत म्हणून. पावाची एक पिशवी कुठलीही टोरविककरीण फेकायची नाही. रेनेने आपल्या डाव्या बुटात हात घातला आणि एक पिशवी ओढून काढली, तोंडाशी रबर गुंडाळलेलं, आत ती जांभळट बंडी घट्ट कोंबलेली.

मिसेस लिंडग्रेननी रबर काढलं. त्यांनी बंडी आधी स्वतःच्या नाकाशी नेली आणि तशाच उभ्या राहिल्या, बराच वेळ, खिडकीकडे पाठ करून. त्यांना माहेर सोडून सोळा वर्षं झाली होती. मग त्यांनी ती मुलीच्या पुढ्यात धरली.

मुलीने बंडी ओढून घेतली, तोंड कॉलरमध्ये खुपसलं, आणि ती पहिल्यांदा रडली तशी, आंघोळीच्या वेळी रडली तशी, मोठमोठ्याने रडली. आर्लिस घाबरली. "रडू द्या," मिसेस लिंडग्रेन म्हणाल्या. "आता तिला कळलं ना, ती बाई इथे नाही ते." रडणं ओसरायला वेळ लागला. मग त्यांनी पेजेचा एक चमचा पुढे केला. मुलीने बंडीच्या आडून बघितलं आणि तोंड उघडलं. दुसरा चमचा. तिसरा. लोवेल मोजत होता. अकराव्या चमच्याला त्याने टोपी डोळ्यांवर ओढली.

"आता ही तुम्ही घाला," मिसेस लिंडग्रेन आर्लिसला म्हणाल्या.

"काय घालू?"

"बंडी."

"मी?"

"मग कोण, मी? मला घरी चौघांचा स्वयंपाक आहे. घाला, तिला अंगाशी धरा, आणि मी सांगेपर्यंत काढू नका. तुमचा वास तिच्यात जाऊ दे."

आणि कपड्यावर डाग पडू न देणारी आर्लिस ब्रेके उभी राहिली, तिने ॲप्रन काढला आणि आपल्या कडक इस्त्रीच्या ब्लाऊजवर ती कळकट बंडी चढवली. मिसेस लिंडग्रेननी पांढरंशुभ्र दुपटं घेऊन मुलगी तिच्या पाठीशी बांधली, पट्टे छातीवर कसे फिरवायचे ते दोनदा दाखवलं. "हे मात्र छान धुतलंय," त्या जाता जाता म्हणाल्या. रेनेने डोळे पुसून पुन्हा एकदा आपलं बोट पुढे केलं, या वेळी आईच्या खांद्यावरून. मुलीने ते धरलं की नाही यावर पुढे त्या घरात कायम वाद राहिला. रेने म्हणायची धरलं, कर्टिस म्हणायचा खाजवलं.

शुक्रवारी डॉक्टरकडे काटा तसाच राहिला, आणि त्याने इस्पितळाचं नाव काढलं नाही. पुढच्या आठवड्यात काटा वर सरकला.

आर्लिसने ती बंडी सात आठवडे घातली. घरात घातली, किराण्याच्या दुकानात घातली, थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला घातली. रविवारी चर्चमध्ये तिच्या बाकावरची मंडळी थोडी सरकून बसायची. बटाट्याच्या पातळ पोळ्या, लेफ्से, लाटायला बायका चर्चच्या तळघरात जमल्या तेव्हा वेर्लाने नाक वर करून विचारलं, "कुणाकडे लसणाचं काही शिजतंय का?"

"नाही गं, ती मीच," आर्लिस म्हणाली आणि पाठीवरचं ओझं जरा वर सरकवून लाटत राहिली. पाठीवर मारित झोपली होती, गाल बंडीला टेकून.

नंतर बंडी पावाच्या त्याच पिशवीत गेली आणि पिशवी देवदाराच्या पेटीत. आर्लिसने संस्थेमार्फत त्या बाईला एक पत्र पाठवलं, मिसेस लिंडग्रेनकडून कोरियनमध्ये लिहून घेऊन. मुलगी पेज खाते, भाऊ तिला मोटारी देतो, असं सगळं कळवलं आणि शेवटी लिहिलं, बंडी धुतलेली नाही. उत्तर आलं नाही. पत्र पोचलं की नाही तेही कधी कळलं नाही, आणि आर्लिसला ते अखेरपर्यंत लागून राहिलं.

काय दिवस होते ते! मारितला कडेवर घेण्यावरून रेने आणि कर्टिसची रोज मारामारी. दर नव्या वर्षाला मिसेस लिंडग्रेन सूपचं पातेलं घेऊन यायच्या, तांदळाच्या चकत्या घातलेलं, आणि आर्लिसच्या कॉफीला दर वर्षी नावं ठेवायच्या. मारित पांढराशुभ्र बर्फ तुडवत, पायात पावाच्या पिशव्या घालून शाळेच्या बसकडे धावायची. दर वाढदिवसाला ती पेटी उघडून बंडी नाकाशी धरायची. दहाव्या वाढदिवशी तिने ती बराच वेळ हुंगली आणि म्हणाली, "मॉम, हिला आता तुझाच वास येतो." तिला वाईट वाटलं असेल का, हे आर्लिसला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. आर्लिसला वाईट वाटलं, आणि त्याच क्षणी इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली.

ब्याण्णवच्या सप्टेंबरात मारित कॉलेजसाठी मिनिआपोलिसला निघाली. रेनेचं लग्न होऊन ती दुसऱ्या गावी होती, कर्टिस बापाबरोबर दुधाच्या गाडीवर जायचा. निघायच्या आदल्या दुपारी मारित ट्रंक भरत होती. ती खाली आली आणि मागच्या दाराजवळच्या खुंटीवरचं आर्लिसचं निळं स्वेटर तिने काढलं, कोपरांवर ठिगळं लावलेलं, आर्लिस स्वयंपाक करताना घालायची ते.

"हे मी नेऊ?"

"ते? अगं, जुनं आहे ते. तुला नवं घेतलंय ना."

"मला हे हवंय."

"बरं, मग थांब, धुऊन देते. कांद्याचा वास मारतोय त्याला."

"मॉम," मारित म्हणाली, "धुऊ नकोस."

तिने बाकाखाली वाकून एका बुटातून पावाची पिशवी काढली, स्वेटर घडी करून तिच्यात कोंबलं, आणि तोंडाला रबर लावलं. आर्लिस फळीवरची बरणी शोधायला कोठीत गेली. तिथे कुठलीच बरणी शोधायची नव्हती. ती पिठाच्या डब्याला टेकून पोटभर रडली आणि रिकाम्या हातांनी बाहेर आली. "सापडली नाही," ती म्हणाली.

रविवारी त्यांनी मारितला सोडलं. सोमवारी पाचला उठून आर्लिसने सवयीने पलंगांवरच्या चादरी काढल्या. आधी आपल्या, मग कर्टिसच्या. मग ती मारितच्या खोलीत गेली. पलंग नीट आवरलेला होता. तिने उशीचा अभ्रा अर्धा ओढला आणि थांबली. खाली वाकून तिने उशीवर तोंड टेकवलं. शॅम्पूचा वास, शाळेच्या बँडमधल्या क्लॅरिनेटच्या तेलाचा थोडासा, आणि खाली आणखी कसला तरी, ज्याला नाव नाही. तिने अभ्रा पुन्हा वर चढवला, चादरीची सुरकुती हाताने सरळ केली आणि तिथून काही न घेता खाली गेली.

सव्वासातला फोन वाजला.

"आर्लिस? बरी आहेस ना गं?" वेर्ला होती.

"मला काय झालंय?"

"दोरीवर दोन चादरी कमी आहेत."

"मोजतेस की काय?"

"इतकी वर्षं मोजतेच आहे."

"मारितच्या आहेत," आर्लिस म्हणाली. "राहिल्यात."

वेर्लाचे दोघं मुलगे कधीच दूर गेले होते. "राहू देत," ती म्हणाली. "ब्लीच काही पळून जात नाही."

आर्लिसने फोन ठेवला. मग ती पुन्हा वर गेली, मारितच्या खोलीची खिडकी तिने लावून घेतली, आणि वारा आत शिरू नये म्हणून दारही ओढून घेतलं.